नऊ हजार अडीचशे ट्रक आणि पंच्याहत्तर वर्षं

१९७५ साली कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात जड वाहनांची पाहणी झाली. त्यातल्या ९,२५० ट्रकांच्या नोंदी पुढे फार लांबवर गेल्या. नोंद साधीच होती: ट्रकला एक्सल किती, दोन एक्सलमधलं अंतर किती, प्रत्येक एक्सलवर भार किती. पंधरा-वीस वर्षांनी अमेरिकेच्या नव्या पूल-संहितेतला वाहनभार याच नोंदींवर बेतला गेला. आज अमेरिकेत महामार्गावर नवा पूल होतो तेव्हा त्याच्या गर्डरमध्ये, म्हणजे मुख्य तुळयांमध्ये, किती पोलाद घालायचं, या प्रश्नाचा धागा मागे मागे जात या ९,२५० ट्रकांपाशी पोचतो.

पुलांच्या डिझाइनमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला हे प्रकरण माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे कॉलेजात 'क्लास ए' आणि '७०-आर' ही डिझाइनसाठी ठरवून दिलेली वाहनं अशी शिकवली जातात, जणू ती निसर्गातच सापडली. भार कुठून आला, कुणी मोजला, किती दिवस मोजला, हे कुणी विचारत नाही. मीही कित्येक वर्षं विचारलं नव्हतं.

कागदावरचा ट्रक

अमेरिकेत १९४४ पासून 'एचएस-२०' नावाचा डिझाइनसाठीचा काल्पनिक ट्रक चालत आला होता. पुढचा एक्सल ८,००० पौंड, मागचे दोन प्रत्येकी ३२,०००, एकूण ७२,००० पौंड, म्हणजे साधारण ३२.७ टन. १९७४ च्या संघीय कायद्याने आंतरराज्य महामार्गांवर ८०,००० पौंडांपर्यंतचे ट्रक चालवायला मुभा दिली. म्हणजे कायद्याने धावणारा ट्रकच डिझाइनच्या ट्रकपेक्षा जड झाला. ओव्हरलोड गाड्या आणि खास परवान्याच्या गाड्या त्याहून वेगळ्या. पूल पडत नव्हते, कारण जुन्या पद्धतीत सुरक्षेची गादी जाड होती. पण ती नेमकी किती जाड, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. लहान गाळ्याच्या (गाळा म्हणजे दोन आधारांमधलं अंतर) पुलाला एक सुरक्षितता मिळत होती, मोठ्या गाळ्याच्या पुलाला दुसरी.

१९८८ मध्ये एनसीएचआरपी या अमेरिकेच्या महामार्ग-संशोधन कार्यक्रमाचा १२-३३ क्रमांकाचा प्रकल्प सुरू झाला. जॉन कुलिकी यांच्याकडे नेतृत्व होतं आणि मिशिगन विद्यापीठाचे आंद्रेई नोवाक यांच्याकडे संहितेच्या अंशांकनाचं, म्हणजे तिचे गुणक आकडेवारीवरून ठरवण्याचं, काम. पुलाच्या ७५ वर्षांच्या आयुष्यात त्याच्यावर येणारा सगळ्यात मोठा भार किती असेल आणि त्यात अनिश्चितता किती, हे त्यांना हवं होतं. ते सांगायला खऱ्या ट्रकांची खरी वजनं लागतात. विश्वासाने वापरता येईल असा अमेरिकी साठा तेव्हा हाताशी नव्हता. शेजारच्या ऑन्टारियोने मात्र १९७९ मध्ये स्वतःची नवी पूल-संहिता काढली होती आणि अगरवाल-वोल्कोविच यांच्या अहवालात १९७५ च्या नोंदी तयार होत्या. त्याच उचलल्या गेल्या.

इथेच पहिली शंका येते आणि ती रास्त आहे. ऑन्टारियोत कायद्यानेच ६३.५ टनांपर्यंतचे ट्रक चालत, अमेरिकेत ३६ टनांच्या आसपास. शिवाय पाहणीतून घेतलेले ट्रक सरसकट नव्हते, दिसायलाच जड वाटणारे तेवढे निवडलेले होते. म्हणजे नमुना मुद्दाम जड बाजूला झुकलेला. नोवाक यांनी ते उघडपणे मांडलं आणि हिशेबातही धरलं.

वजन ट्रकचं, मोमेंट पुलाचा

बाहेरच्या माणसाला वाटतं, ट्रकचं एकूण वजन कळलं की झालं. पुलाला एकूण वजन जाणवतच नाही. त्याला जाणवतं ते त्याच्या गाळ्यात त्या क्षणी कोणते एक्सल उभे आहेत आणि ते किती दाटीने आहेत.

हातानेच करून पाहा. ८ मीटरचा साधा गाळा घ्या. त्यावर १०.५ टनांचे दोन एक्सल, मध्ये १.३ मीटर अंतर, म्हणजे आपल्या दहाचाकी गाडीचं मागचं जोडएक्सल. सर्वांत मोठा बेंडिंग मोमेंट, म्हणजे गाळ्याला वाकवणारा परिणाम, येतो सुमारे ३५ टन-मीटर. आता तेच दोन एक्सल एकमेकांपासून ६ मीटरवर न्या. मोमेंट उतरतो २१ टन-मीटरवर. वजन दोन्ही वेळा २१ टनच. म्हणून लहान मोरीवरून जाणारा आखूड, खच्चून भरलेला डंपर हा लांबलचक ट्रेलरपेक्षा जास्त वाईट असू शकतो, काट्याच्या पावतीवर ट्रेलरचा आकडा कितीही मोठा असो.

म्हणून नोवाक यांच्या गटाने ९,२५० ट्रकांची सरासरी काढली नाही. प्रत्येक ट्रक त्यांनी संगणकात निरनिराळ्या लांबीच्या गाळ्यांवरून चालवला, प्रत्येकाचा सर्वांत मोठा मोमेंट आणि शिअर, म्हणजे गर्डरला कापू पाहणारा जोर, काढला आणि त्याला एचएस-२० च्या आकड्याने भागलं. आता हातात वजनांची यादी उरली नव्हती. पुलाला काय सोसावं लागलं याची यादी तयार झाली होती, प्रत्येक गाळ्यासाठी वेगळी.

दोन आठवड्यांवरून पंच्याहत्तर वर्षं

दिवसाला हजार जड ट्रक जाणारा पूल धरला, तर ९,२५० ट्रक म्हणजे कामाच्या दिवसांची साधारण दोन आठवड्यांची वाहतूक. ७५ वर्षांत त्याच पुलावरून सुमारे २ कोटी ट्रक जातील. प्रश्न असा की, त्या २ कोटींमधला सर्वांत वाईट ट्रक कसा असेल, जेव्हा आपण फक्त ९,२५० पाहिलेत?

त्यांनी प्रोबॅबिलिटी पेपर, म्हणजे संभाव्यता मांडायचा खास आलेखकागद, घेतला. आडव्या अक्षावर मोमेंटचं गुणोत्तर, उभ्या अक्षावर संभाव्यता प्रमाणित एककात: आकडा जितका मोठा, तितका प्रसंग दुर्मीळ. दोन आठवड्यांतला सर्वांत वाईट ट्रक उभ्या अक्षावर ३.७१ पाशी बसतो. एका वर्षाचा ४.५० ला, ७५ वर्षांचा ५.३३ ला. मोजलेले ठिपके ३.७ च्या आसपास संपतात. तिथून पुढे वक्राचं टोक ज्या दिशेला चाललंय, तिकडे ते वाढवायचं.

कागदावर हे अंतर बोटभर दिसतं. प्रत्यक्षात ती उडी दोन हजारपट आहे. पाटबंधाऱ्याच्या कामातल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल: तीस वर्षांच्या पावसाच्या नोंदी हातात असतात आणि शंभर वर्षांचा पूर सांगायचा असतो. फरक एवढाच की ढगाला कायदा नसतो, ट्रकला असतो. ट्रकला टायर असतात, कमानपाटे असतात आणि ते एका मर्यादेपलीकडे तुटतात. त्यामुळे टोक अनंतापर्यंत तसंच जाणार नाही. उलट बाजूने, खास परवान्याची अवजड गाडी ही मुळात वेगळ्याच कुळातली, दोन आठवड्यांच्या नमुन्यात ती आलीच नसेल. या सगळ्या कामातलं हे सर्वांत धाडसी पाऊल आहे असं माझं मत आहे. तेव्हा हाताशी जे होतं त्यात तेच बरोबरही होतं. १९४४ चा ट्रक तसाच पुढे ढकलण्यापेक्षा, किती अंदाज केलाय ते लिहून ठेवलेला अंदाज बरा.

पंधरातला एक

दोन लेनच्या पुलावर खरी काळजी एका ट्रकची नसते. दोन जड ट्रक एकाच क्षणी, शेजारी-शेजारी, गाळ्याच्या मध्यावर आले तर काय, ही असते. ऑन्टारियोच्या नोंदींत ही माहिती नव्हती, कारण काट्यावर ट्रक एकामागून एक येतात.

मग गृहीत धरलं गेलं: दर पंधरा ट्रकांपैकी एका ट्रकच्या शेजारी पुलावर दुसरा ट्रक असतो. आणि अशा दर तीस जोड्यांपैकी एका जोडीत दोन्ही ट्रक वजनाने अगदी सारखे असतात, म्हणजे एक जड तर दुसराही तितकाच जड. पंधरा गुणिले तीस म्हणजे ४५०. दर ४५० ट्रकांमागे अशी एक घातक जोडी.

आता यातली गंमत नाही, गणित पाहा. ७५ वर्षं म्हणजे ९०० महिने. भागिले ४५०, उत्तर २ महिने. म्हणून दोन लेनच्या पुलासाठी ७५ वर्षांतला सर्वांत वाईट प्रसंग हा, की दोन महिन्यांतून एकदा येणारा जड ट्रक आणि त्याच्या शेजारी तसाच दुसरा. असा प्रत्येक ट्रक ७५ वर्षांतल्या एकुलत्या राक्षसी ट्रकच्या सुमारे ८५ टक्के भरतो. पण दोन मिळून ते त्याला सहज मागे टाकतात, आणि बहुतेक पुलांवर हीच जोडी निर्णायक ठरली.

सगळ्या संहितेचं वजन असं या 'पंधरा'वर येऊन टेकलं. तो आकडा फार थोड्या निरीक्षणांवर बेतलेला होता. पुढे जेव्हा प्रत्यक्ष मोजमापं झाली, तेव्हा जोड्या त्याहून बऱ्याच कमी निघाल्या. चूक झाली ती सुरक्षित बाजूला, पण तिची किंमत पोलादात आणि काँक्रीटमध्ये मोजली गेलीच.

यातून निघालेला धडा अगदी बारीक आणि व्यवहाराचा आहे. ताशी ८० किलोमीटरने ट्रक एका सेकंदात २२ मीटर जातो. नोंदयंत्र वेळ सेकंदापर्यंतच लिहीत असेल, तर दोन ट्रक शेजारी होते की एकाच्या मागे दुसरा होता, हे कायमचं हरवलं. म्हणून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एनसीएचआरपीच्या ६८३ क्रमांकाच्या अहवालात वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत नोंदवण्यावर भर आहे.

निकाल म्हणून १९९३ मध्ये 'एचएल-९३' भार स्वीकारला गेला आणि १९९४ मध्ये आश्टो या अमेरिकी राज्यांच्या महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेची नवी संहिता आली. जुना एचएस-२० ट्रक ठेवला, पण त्याच्यासोबत दर फुटाला ६४० पौंडांचा पसरता भारही एकाच वेळी लावायचा. पूर्वी दोन्हींपैकी एकच लागे. वर सुरक्षेसाठी वाहनभाराला लावायचा गुणक १.७५. विश्वासार्हता निर्देशांकाचं, म्हणजे पुलाच्या सुरक्षिततेची खात्री मोजणाऱ्या आकड्याचं, लक्ष्य ३.५. एचएल-९३ नावाचा ट्रक रस्त्यावर कुठेच दिसणार नाही. खऱ्या ट्रकांच्या मोमेंटची नक्कल सगळ्या गाळ्यांवर सारख्या प्रमाणात व्हावी म्हणून तो रचलेला आहे.

काट्यावर न आलेले ट्रक

आता एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका रस्त्यावर आम्ही एक्सलभाराची पाहणी करत होतो. दोन सपाट वजनपट्ट्या, त्यांच्या पुढेमागे लाकडी फळ्या, बॅटरीचा दिवा आणि नोंदवही. पहिल्या रात्री दहापर्यंत खडीच्या गाड्यांची रीघ होती. अकरानंतर एकही डंपर नाही. आम्हाला वाटलं खाणच बंद झाली. दोनच्या सुमाराला चहा घेऊन आलेला एका ट्रकचा क्लीनर म्हणाला, "साहेब, गाड्या मागं ढाब्यावर उभ्यात. काटा उठला की निघतील."

आम्ही आरटीओचे नव्हतो, दंड करणार नव्हतो. पण फोनवरून निरोप गेला होता, 'पासिंगपेक्षा जास्त असेल तर थांबा.' त्या रात्रीची आमची आकडेवारी अतिशय सभ्य निघाली. जे ट्रक आम्हाला पाहिजे होते, नेमके तेच वहीत नव्हते.

हाच दोष जगभरच्या उघड्या वजनकाट्यांना आहे, आणि फ्रेड मोझेस यांनी १९७९ मध्ये त्यावर जे उत्तर सुचवलं ते मला आजही अतिशय सुंदर वाटतं: पुलालाच काटा करा. क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात त्यांनी ही पद्धत मांडली. गर्डरच्या खालच्या पृष्ठभागाला ताण मोजणारे गेज बसवायचे. आधी ठाऊक वजनाचा ट्रक नेऊन पूल त्याला कसा प्रतिसाद देतो ते नोंदवायचं. मग अनोळखी ट्रक जाताना गर्डर क्षणोक्षणी किती ताणला गेला त्याची रेघ मिळते. कोणत्या एक्सलवर किती भार असता तर हिशेबाची रेघ मोजलेल्या रेघेला सर्वांत जवळ गेली असती, हे लीस्ट स्क्वेअरने, म्हणजे फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करून, शोधायचं. एकूण वजन चांगलं निघतं. जवळजवळच्या एक्सलमध्ये भाराची वाटणी मात्र धूसर राहते, कारण गर्डरच्या दृष्टीने ते जवळपास एकच असतात. पण वजनाची यंत्रणा पुलाच्या पोटाखाली असते आणि ड्रायव्हरला वजनकाटा दिसत नाही.

दुसरी वाट रस्त्यातच दाब पडला की विद्युत संकेत देणारी क्वार्ट्झची पट्टी बसवण्याची. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण २५ सेंटिमीटर लांब, पट्टी जेमतेम ५ सेंटिमीटर रुंद. ताशी ८० किलोमीटरला चाक त्या पट्टीवर सुमारे १४ मिलिसेकंद असतं. पूर्ण चाक पट्टीवर कधीच मावत नाही, म्हणून येणाऱ्या संकेताची बेरीज करून तिला वेगाने गुणावं लागतं. त्यात ट्रकचं धूड स्प्रिंगांवर सेकंदाला दोन-तीन वेळा वरखाली होत असतं, म्हणजे दर सात ते अकरा मीटरला एक हेलकावा. पट्टीने त्याला हेलकाव्याच्या माथ्यावर पकडलं की तळाशी, यावर आकडा जड किंवा हलका येतो. म्हणून एकीऐवजी दोन-तीन ओळी, आणि त्यांच्याआधी गुळगुळीत रस्ता. खड्ड्यापुढे बसवलेली पट्टी खड्डा मोजते.

मिशिगनमध्ये १९९० च्या दशकात नोवाक आणि हानी नासिफ प्रभृतींनी पुलांखाली उपकरणं लावली, तेव्हा दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. एकाच राज्यात, काही मैलांच्या अंतरावरच्या पुलांवरचा भार कमालीचा वेगळा होता. डेट्रॉईटच्या उद्योगपट्ट्यातले पूल इतरांपेक्षा बरेच जड वाहतूक सोसत होते. मिशिगनमध्ये अकरा एक्सलच्या गाड्यांना १,६४,००० पौंड, म्हणजे ७४ टनांपर्यंत कायदेशीर परवानगी आहे हे इथे लक्षात घ्या. दुसरी गोष्ट, ट्रक जितका जड तितका हादऱ्याचा, म्हणजे धावत्या ट्रकच्या उसळीने वाढणाऱ्या भाराचा, वाटा कमी. दोन जड ट्रक शेजारी असताना हादरा १० टक्क्यांच्या आत राहिला, संहितेत तो ३३ टक्के धरलाय.

युरोपचीही कथा याच वळणाची आहे. तिथल्या युरोकोडच्या वाहनभारामागे मुख्यतः फ्रान्समधल्या पॅरिस-लियों मार्गावर ऑक्झेरजवळ १९८६ मध्ये मोजलेली वाहतूक आहे. तिथेही जागा एक आणि अवधी थोडा, पण त्यावरून सगळ्या खंडाची संहिता.

आपल्या पुलांवर

आपल्या आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) '७०-आर' चाकी वाहनाचं वजन १०० टन आहे, खास वाहनाचं ३८५ टन. त्यामुळे नवा पूल एका जड ट्रकने मोडेल अशी भीती मला वाटत नाही. चिंता आहे जुन्या पुलांची आणि रोजच्या झिजेची. २०१८ मध्ये केंद्राने जोडएक्सलची मर्यादा १९ टनांवरून २१ टन केली. वाढ फक्त साडेदहा टक्क्यांची वाटते. पण पोलादाच्या थकव्याचा हिशेब ताणाच्या घनाने चालतो. प्रत्येक गाडीने नवी मर्यादा पुरेपूर वापरली, तर तीच झीज ३५ टक्क्यांनी वाढते. ओव्हरलोड यात धरलेला नाही.

राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर चालत्या गाडीचं वजन करणारी यंत्रं आहेत, आणि त्यांतून दंड आकारला जातो. वजनांचा तो साठा पुलांच्या कामाला यावा असं मला फार वाटतं. पण ऑन्टारियोच्या काट्याचीच मर्यादा त्यालाही आहे: टोलच्या लेनमध्ये गाड्या एकेक करून, हळूहळू जातात. पुलावर कोण कुणाच्या शेजारी होतं, दोघांत अंतर किती होतं, हे तिथे कळत नाही. त्यासाठी पुलापाशीच, वर्षभर मोजायला हवं.

वर्षभरच, कारण दोन आठवडे कोणते घेणार? पश्चिम महाराष्ट्रात जूनमध्ये मोजलं तर ऊस दिसणारच नाही. गळीत हंगामात कारखान्याच्या वाटेवरच्या पुलावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, एकामागे एक, चाकाला चाक लावून उभ्या असतात, कधी कधी तासभर. एवढा दाट, एवढा संथ भार कुठल्याही विदेशी नमुन्यात नाही. आणि ६८३ क्रमांकाच्या त्या अहवालात नोंदी साफ करण्याचे जे नियम दिलेत, त्यातला एक असा आहे की ताशी १० मैलांपेक्षा, म्हणजे १६ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची नोंद ही यंत्राची चूक समजून गाळावी. तो नियम जसाच्या तसा लावला, तर उसाची ती सगळी रांग पहिल्याच चाळणीत बाहेर पडेल.